नेव्हिलचं कौतुक

आमच्या यॉर्कशरमध्ये माणसाचं तोंड जेवायला आणि हवेला नावं ठेवायला उघडतं. कौतुकासाठी उघडलंच तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघतात. त्यातही माझा नवरा नेव्हिल म्हणजे अर्क. आमचा डंकन जन्मला तेव्हा इस्पितळात पाळण्यात डोकावून तो म्हणाला, "वाईट नाही." लंडनकडची नर्स चमकली. मला मात्र कळलं, की गडी आनंदाने वेडा झालाय.

पण हे डेस्पिनाला कोण सांगणार? डेस्पिना माझी सून, ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीची. तिच्या माहेरी नुसता टोमॅटो गोड निघाला तरी लोक छातीवर हात ठेवून देवाचं नाव घेतात. शाळेत तिने इंग्रजी घोकलेलं, आणि घोकलेल्या इंग्रजीत 'वाईट नाही' म्हणजे जेमतेम पास. रविवारी ती हौसेने आमच्याकडे येऊन स्वयंपाक करते. नेव्हिल पुन्हा पुन्हा वाढून घेतो, पावाने ताट पुसतो आणि म्हणतो, "वाईट नाही." फारच खूश असला तर, "याहून वाईट खाल्लंय." बिचारीचं तोंड एवढंसं होतं.

शनिवारी डंकन एकटाच आला.

"आई, आम्ही थेस्सालोनिकीला जायचं म्हणतोय. तिच्या भावाच्या कारखान्यात मला काम आहे."

"आणि इथे काय झालं?"

"बाबांना ती नकोशी आहे, असं तिच्या मनाने घेतलंय. रोज रडते."

एकुलता एक मुलगा, तोही समुद्रापार. तो गेल्याबरोबर मी नेव्हिलला फैलावर घेतलं.

"उद्या तिला धड शब्दांत सांग, जेवण आवडलं म्हणून."

"दर रविवारी सांगतो की."

"ते नको. 'अप्रतिम' म्हण."

"तिला? काहीतरीच काय," तो दचकून म्हणाला. "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. म्हणून दाखव."

दाढ उपटताना निघावा तसा आवाज निघाला, पण म्हणाला.

रविवारी डेस्पिना कोकराच्या मांसाला लिंबू चोळत होती आणि मधूनच बाहीने डोळे पुसत होती. मला राहवलं नाही.

"पोरी, आमच्याकडे सगळं उलटं असतं गं. घास घशाखाली उतरेना की आम्ही 'अप्रतिम' म्हणतो. पाद्र्याच्या बायकोच्या केकला सगळं गाव 'अप्रतिम' म्हणतं आणि घरी नेऊन पक्ष्यांना घालतं. जिवाभावाच्या माणसाशी कशाला खोटं बोलायचं? त्याला आपलं 'वाईट नाही'."

"खरंच?"

"देवाशपथ."

ती हसली, आणि लिंबाच्या हातांनीच मला मिठी मारली. मला वाटलं, मुलगा हाती लागला. त्या आनंदात नेव्हिलला आवरायचं तेवढं राहून गेलं.

जेवण झालं. नेव्हिलने ताट पुसलं, घसा खाकरला आणि चक्क उभा राहिला.

"डेस्पिना," तो म्हणाला, "अप्रतिम."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "एवढं वाईट झालं?" म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. नेव्हिल माझ्याकडे असा बघत होता, की घे, ऐकलं तुझं.

"अगं, मीच सांगितलं होतं त्याला तसं म्हणायला," मी म्हणाले.

"सकाळी एक सांगता, दुपारी दुसरं," ती मुसमुसत म्हणाली. "मी कशावर विश्वास ठेवू?"

मी घायकुतीला आले होते. मुलगा डोळ्यांदेखत विमानात बसत होता.

"हे बघ, केकचं विसर. त्याला मनापासून आवडलं तरी तो 'अप्रतिम' म्हणतो. मला नाही का म्हणत? लग्न झाल्यापासून माझ्या हातच्या प्रत्येक जेवणाला 'अप्रतिम' म्हणत आलाय."

नेव्हिल खिडकीबाहेर हवा बघू लागला. डंकनला एकदम पाण्याची तहान लागली. डेस्पिनाने हळूच डोकं वर केलं, आधी नेव्हिलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या घटकेला तिला सगळं इंग्रजी आलं. आणि मलाही.

ती उठून माझ्या खुर्चीपाशी आली, माझे खांदे धरले.

"आम्ही कुठे जात नाही," ती कानात म्हणाली. "आणि बुधवारीही मीच येत जाईन करायला."

मुलगा राहिला, सून राहिली, माझा जीव भांड्यात पडला. नेव्हिलवर मात्र मी अशी भडकले, की पुढचा आठवडाभर चूल पेटवली नाही. त्याने एकदाही तक्रार केली नाही.