पहिला दोर

आमच्या गावात पायोनियर डेची मिरवणूक पहिला दोर वळून झाल्याशिवाय हलत नाही. पुढच्या गाडीच्या बैलांना तोच दोर लागतो. मग बँडवाले ताटकळोत, नाहीतर टोपडी घातलेल्या पोरी उन्हात रडोत. आपले पूर्वज गाड्या हाकत नेब्रास्कात आले तेव्हापासूनचा हा रिवाज, असं सगळे सांगतात. खरं तर तो माझ्या आजोबांनी सुरू केला. पण जुनं म्हटलं की लोकांना बरं वाटतं, मी कशाला बोलू?

दोर वळायचं यंत्रही आजोबांचंच. आता ते माझा धाकटा भाऊ लोवेल चालवतो. त्याच्याकडे एक फळी, तिला तीन आकडे आणि मागं हँडल. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी एक आकडा धरून उभं राहतं, त्यात फळीच्या तिन्ही आकड्यांपासून आलेले सुताचे पेड अडकवलेले. हँडल फिरलं की पेड पिळत जातात, दोर आखूड होतो आणि समोरच्याला पुढं ओढतो. ओढेल तसं यायचं, पण ताण सोडायचा नाही. हे काम वर्षानुवर्षं लोवेलची बायको नेल्डा करायची. दोर पुरा झाला की ती त्याच्या पुढ्यात येऊन पोचायची.

"कुठं निघाली होतीस गं?" तो विचारायचा.

"मी कुठं जातेय? तू ओढलंस, आले."

दरवर्षी हेच. लोक टाळ्या वाजवायचे. शेजारी माझं केकचं टेबल. मी नाक मुरडायची, पण कान तिकडेच असायचे.

गेल्या हिवाळ्यात नेल्डाला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आता चाकांच्या खुर्चीत असते. डोकं मात्र होतं तसंच तल्लख. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. लोवेल तिला साधा चमचा उचलू देत नाही. भरवतो, पुसतो, पांघरतो. जीव लावतो, नाही असं नाही, पण बायकोशी बोलावं तसं बोलत नाही.

यंदा पायोनियर डेच्या सकाळी त्यानं तिची खुर्ची माझ्या टेबलाशेजारी सावलीत लावली, ब्रेक लावले आणि भर जूनमध्ये तिच्या मांडीवर शाल घातली.

"आर्डिथ, हिच्याकडे बघ हं जरा."

"मी बघते. तूही बघत जा कधी," मी म्हटलं. त्याला कळलं नाही. धाकटे भाऊ असेच असतात.

आकडा धरायला त्यानं ट्रॉयला उभं केलं. हा शाळेत फुटबॉल शिकवतो. अंगानं रेडा, मनानं गरीब. हँडल फिरायला लागलं, दोर ओढायला लागला, आणि ट्रॉयनं पाय रोवले. एक इंचही सरकेना. ताडकन पेड तुटला.

"अरे, रस्सीखेच नाही ही! पुढं ये ना!" लोवेल ओरडला.

दुसऱ्यांदा ट्रॉय घाईनं पुढं आला, तर ताण गेला आणि दोराचा गुंता झाला. बैल शेपट्या हलवत उभे. लोवेलनं कपाळावरचा घाम पुसला. "पुढच्या वर्षीपासून हे यंत्र देऊन टाकू संग्रहालयाला," तो स्वतःशीच म्हणाला.

माझ्या मनगटावर काहीतरी बसलं. नेल्डाचा डावा हात.

"मला... बांध," ती म्हणाली.

"कशाला?"

"खुर्चीला. आकडा."

तेव्हा मला आजोबांची दगडांनी भरलेली घसरगाडी आठवली. आकडा धरायला माणूस नसला की ते तिलाच दोर बांधायचे, आणि ती जडपणे सरकत पुढं यायची. मी हातातली सुरी टेबलावर टाकली, ब्रेक काढून खुर्ची ट्रॉयच्या टोकाला नेली आणि त्याला बेत सांगितला.

"आर्डिथ आत्या, लोवेलकाका मला मारतील," ट्रॉय कुजबुजला.

"आधी मी मारीन. आण इकडे तो आकडा."

मी आकडा खुर्चीच्या पुढच्या दांडीला पक्का बांधला. नेल्डानं शाल माझ्या अंगावर फेकली आणि डावा पाय जमिनीवर टेकवला.

नवे पेड लावून लोवेलनं मान वर केली. मला वाटलं, आता हा धावत येतो. पण त्याचा हात हँडलवरच राहिला.

"फिरव की!" मी ओरडले.

त्यानं हँडल फिरवलं. पेड ताठ झाले. खुर्ची किंचित हलली. नेल्डा पायानं तिला धरून ठेवायची, जरा सोडायची, पुन्हा धरायची. लोवेल हळू झाला की ती हनुवटीनं खुणावायची, चल. दोर वळत होता आणि ती त्याच्याकडे येत होती. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेसुद्धा नाहीत.

तिचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना टेकले. लोवेलनं हँडल सोडलं.

"विचार... की," नेल्डा म्हणाली.

"कुठं... कुठं होतीस गं?" त्यानं विचारलं.

"इथंच. तू... ओढलंच नाहीस."

तो तिथंच खाली बसला आणि तिच्या मांडीत तोंड खुपसून रडला. ती डाव्या हातानं त्याचे केस विस्कटत राहिली. बैलांना दोर ट्रॉयनंच नेऊन बांधला.

मिरवणूक निघून गेल्यावर दरवर्षीसारखी पोरं स्वतःसाठी एकेक दोर वळून घ्यायला रांगेत उभी राहिली. लोवेल उठला, खुर्ची वळवली आणि तिला स्वतःच ढकलत रस्त्याच्या त्या टोकाला नेऊन ठेवलं.