न चढणारी, न पडणारी

"सगळे पैसे हिच्यातच टाकते," डीनाने फॉर्मवर बोट ठेवलं. "ही योजना वरही जात नाही, खालीही जात नाही. मला एवढंच पाहिजे."

एर्नी होर्वाट लेकीच्या ताटात खिमा भरलेला कोबी वाढत होता. त्याचा डाव हवेतच थांबला. टोलेडोच्या काचकारखान्यात भट्टीपुढे त्याची तीस वर्षं गेली होती. आता सदुसष्टाव्या वर्षी तो एका हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू आणि खिळे विकत असे. डीना चोवीस वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी तिला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. निवृत्तीच्या खात्यात दर महिन्याला कापले जाणारे पैसे कोणत्या फंडात ठेवायचे, हे तिला सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

"त्या पैशाला तुला चाळीस वर्षं हात लावायचा नाही," तो म्हणाला. "तोवर महागाई त्याचा भुगा करील. त्यापेक्षा हा खालचा घे. सगळ्या शेअर बाजाराचा थोडा थोडा तुकडा आहे ह्यात, आणि फीसुद्धा नावाला. दर महिन्याला टाकायचे आणि विसरून जायचं."

डीना हसली, पण ते हसणं बरं नव्हतं.

"हे तू सांगतोस, डॅड? दोन हजार आठ साली बाजाराने तुझं सगळं गिळलं. आई मरेपर्यंत मोटेलच्या चादरी बदलत होती. आणि मला म्हणतोस, बाजारात जा?"

घरात ही गोष्ट सोळा वर्षं अशीच सांगितली जात होती. पहिल्यांदा सांगितली होती ती एर्नीनेच. आत्ताही गप्प बसला असता तर ती तशीच राहिली असती. त्याने डाव भांड्यात ठेवला.

"बाजाराने नाही गिळलं."

"म्हणजे?"

"अर्धं झालं होतं. सगळ्यांचंच झालं होतं. शेजारच्या भट्टीवरच्या पीटचंही. पीट हलला नाही. मी पुढच्या वर्षी मार्चमध्ये फोन केला आणि होतं नव्हतं ते विकून टाकलं. अगदी तळाच्या भावाला. चार-पाच वर्षांत पीटचं सगळं भरून आलं. माझं भरून यायला मी तिथे काही ठेवलंच नव्हतं."

"मग परत का नाही घातलेस?"

"घाबरलो होतो. रोज वाटायचं, उद्या पुन्हा पडेल. उरलेलं ह्याच्यात ठेवलं." त्याने तिच्या बोटाखालच्या ओळीकडे मान हलवली. "ह्याच्यातच. वर नाही, खाली नाही."

डीनाने त्या ओळीवरून बोट उचललं. मग म्हणाली, "आईला माहीत होतं?"

"नाही. तिला सांगितलं, बाजाराने नेलं. ती म्हणाली, त्यात तुझी काय चूक."

"तिचे गुडघे गेले होते, डॅड. साठीला सोडते म्हणायची. मग म्हणायला लागली, बासष्टला."

"हो."

"आणि तू ऐकून घ्यायचास."

"हो."

डीनाची आई मार्लीन त्रेसष्टाव्या वर्षी गेली, मोटेलच्या खोलीत, पलंगाची चादर खोचायला वाकलेली असताना. मालकाचा फोन आला तेव्हा एर्नी एका गिऱ्हाइकाला कडीकोयंडा दाखवत होता.

डीनाने ताट बाजूला सारलं. फॉर्म पुढे ओढून तिने बापाने दाखवलेल्या फंडासमोर शंभर टक्के असं लिहिलं.

पुढच्या पानावर एकच ओळ भरायची होती: खातेदाराच्या मृत्यूनंतर रक्कम कोणाला द्यावी. डीनाचं पेन तिथे थांबलं. या घरात आता ती दोघंच उरली होती. तिने बापाकडे पाहिलं नाही. खाली मान घालून तिने आईच्या बहिणीचं नाव लिहिलं.

एर्नीने ते समोरून उलटं वाचलं. टेबलावरचा त्याचा हात जरासा हलला आणि परत तिथेच राहिला.

"तुझ्या मावशीच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी 'ई' येतो," तो म्हणाला. "जोअ‍ॅन लिहिताना सगळे तो विसरतात. पुढे तिला त्रास नको."

डीनाने 'ई' जोडला.