कोपऱ्यातली पिवळी टोपी

दादाचं ते पत्र आलं तेव्हा बाइंडरच्या हातांना खळ लागलेली होती. डाग पडू नये म्हणून त्यानं ते चिमटीत धरून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चुरगळू नये म्हणून पुस्तकं दाबायच्या प्रेसमध्ये दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून वरचं चाक आवळलं. उद्या सकाळी निवांत उत्तर लिहू, असं तो स्वतःशी म्हणाला. ती सकाळ काही उजाडली नाही.

पत्र लहानसंच होतं. दादा तरुणपणी समुद्रापलीकडच्या एका शहरात गोदीत कामाला गेला आणि तिथलाच होऊन राहिला. वहिनी गेल्यापासून एकटा होता. कानांनीही साथ सोडली होती, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. त्यानं लिहिलं होतं, ‘डॉक्टर म्हणतात, हृदयाची झडप बदलायला हवी. या वयात त्यात धोका आहे आणि न बदलण्यातही आहे. मी त्यांना सांगितलंय, फुटबॉलचा सीझन संपू द्या, मग कळवतो. करू की नको? तू एवढी पुस्तकं वाचतोस. तू म्हणशील तसं करीन.’

वाचून बाइंडरची पाचावर धारण बसली. ज्या माणसानं गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कव्हराचा रंगही कधी ठरवला नाही, त्यानं हे ठरवायचं? ‘कर’ लिहिलं आणि दादा ऑपरेशनच्या टेबलावरून उठलाच नाही तर? ‘नको करू’ लिहिलं आणि एके दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या गेला तर? बांधायला आलेला वैद्यकाचा एक जाडजूड ग्रंथ त्यानं चोरून चाळला, आणि त्या रात्री त्याला आपल्याच छातीत धडधड ऐकू येत राहिली.

त्यातून पत्र आलं त्याच दिवशी क्लब जिंकला. दादाच्या शहरातला निळ्या जर्सीचा फुटबॉल क्लब. दादानं सुरुवातीपासून प्रत्येक सामन्याची छापील पुस्तिका जपून सीझन संपला की सगळा गठ्ठा पाठवायचा आणि यानं त्या एकत्र बांधून निळं कापड चढवायचं, असं चाललेलं. मैदान यानं डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण कपाटाचे दोन खण त्या क्लबनं भरले होते. पुढचा सामनाही क्लब जिंकला, त्याच्या पुढचाही. बाइंडरच्या मनानं मग एक पळवाट काढली. पत्र प्रेसमध्ये आहे तोवर क्लब जिंकतोय. क्लब जिंकतोय तोवर दादा खुशीत आहे. तर मग चाक कशाला सैल करा?

प्रेस अडून बसल्यामुळे गिऱ्हाइकांची पुस्तकं तो विटांखाली दाबायला लागला. असे काही महिने गेले.

“चांगलं पत्र प्रेसला चावायला दिलंय,” बायको म्हणायची. “तिकडे मोठे भाऊजी रोज टपालपेटी उघडून बघत असतील.”

“लिहितो गं. एवढा सामना होऊ दे.”

दादा जिवंत आहे की नाही, हे त्याला टीव्हीवर कळायचं. दादाची जागा मैदानाच्या कोपऱ्यातल्या झेंड्यामागे, खालच्या रांगेत, ठरलेली. बायकोनं मुद्दाम पिवळ्याजर्द लोकरीची टोपी विणून पाठवली होती. सगळं निळं, त्यात ती एक पिवळी. त्या झेंड्यापाशी चेंडू ठेवून कुणी कॉर्नर किक घेतली की कॅमेरा तिकडे वळायचा आणि मागे लिंबाएवढा ठिपका दिसायचा. बाइंडर मग श्वास सोडायचा. गोल झाला की नाही, हे तो नंतर विचारायचा.

गेले दोन सामने बाहेरगावी झाले होते. ठिपका दिसून बरेच दिवस झाले होते. आज सामना घरच्या मैदानावर होता, समोर हिरव्या जर्सीवाले. शेजारचा शिंपी दुपारीच येऊन खुर्ची पकडून बसला. त्याला सगळे कात्री म्हणत, धंद्यामुळे आणि जिभेमुळेही.

“काय बाइंडरसाहेब, आज निळ्यांचं बाइंडिंग उसवणार बरं का!”

“आधी माझ्या पडद्यांची शिलाई उसवलीय ती बघा,” बायको म्हणाली.

पहिला गोल बाइंडर चष्मा पुसेपर्यंत झाला. दुसरा गोलकीपरच्या हातांतून निसटला. तिसऱ्याला कात्री हसला, चौथ्याला हसायचा थांबला. निळे आपल्या अर्ध्या मैदानाबाहेर पाय टाकायला तयार नव्हते. दादाचा कोपरा होता पलीकडच्या टोकाला, निळ्यांनी चढाई करायच्या बाजूला. तिकडे चेंडूच जाईना, मग कॅमेरा कशाला जातोय?

“अहो, घाम केवढा आलाय तुम्हाला! हरतात की कधीतरी.”

“हरू दे गं. दादा दिसला नाही अजून.”

मध्यंतरात तो उठून कामाच्या खोलीत गेला आणि प्रेसचं चाक हातानं चाचपून आला. होतं तसंच घट्ट होतं. मग हे असं कसं झालं? पत्र तिथंच असताना क्लबची अशी धूळधाण? पत्र आत ठेवून जर क्लब वाचत नसेल, तर दादा तरी कुठे वाचत होता इतके दिवस?

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आता हिरवे दादाच्या कोपऱ्याकडे चाल करून जायला लागले आणि लगेच त्यांना तिथं कॉर्नर मिळाला. बाइंडर टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतका पुढे सरकला. झेंड्यामागे सगळे उभे राहून हातवारे करत होते. निळेच निळे. पिवळं काही नाही.

“दिसले का?” बायकोनं विचारलं.

“नाही.”

“अहो, उठून गेले असतील. असला खेळ कोण बघत बसेल?”

“दादा कधी मधेच उठत नाही.” तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्यालाच त्याचा अर्थ कळला.

कात्रीनं टीव्हीचा आवाज बंद केला. पाचवा गोल झाला, सहावा झाला. कुणी मोजेना. प्रेक्षक उठायला लागले. पायऱ्यांवर माना खाली घातलेल्या माणसांच्या रांगा लागल्या. बाइंडरला त्या रांगा कसल्यातरी दुसऱ्याच वाटायला लागल्या आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

“बाइंडरसाहेब,” कात्री हळूच म्हणाला, “अहो, डोळे उघडा. कॉर्नर आहे.”

झेंड्यामागच्या रांगा रिकाम्या झाल्या होत्या. निळ्या खुर्च्या, नुसत्या खुर्च्या, आणि त्यांत लिंबाएवढा पिवळा ठिपका. आता आड यायला कुणी नव्हतं, म्हणून माणूस पुरता दिसला. उभ्या गर्दीत तो उठू शकला नसावा. कोटात आक्रसून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. डावीकडे कुणी नाही, उजवीकडे कुणी नाही. खेळाडू चेंडू ठेवेपर्यंत तेवढं दिसलं, मग कॅमेरा वळला आणि सातवा गोल झाला.

“आहेत! आहेत हो भाऊजी!” बायको म्हणाली.

बाइंडरनं श्वास सोडला नाही. दादा आहे हे पाहून सुटणारी भीती या वेळी सुटली नाही, उलट वाढली. इतके महिने तो या पिवळ्या ठिपक्याकडे बघून निश्चिंत होत होता, आणि तो ठिपका त्या खुर्चीवर असाच एकटा बसला होता, उत्तराची वाट बघत.

तो कामाच्या खोलीत गेला. चाक आवळून आवळून जाम झालं होतं. कात्रीला हाक मारावी लागली.

“दोघांनी ओढू, साहेब. तुमचा क्लब गेलाच आहे, आता प्रेस तरी सोडवू.”

पत्र पुठ्ठ्यासारखं सपाट झालं होतं. बाइंडर त्याच्यासमोर कागद घेऊन बसला. ‘कर’ लिहिलं आणि खोडलं. ‘नको’ लिहिलं आणि खोडलं. तिसऱ्या कागदावर त्यानं लिहिलं, ‘दादा, मला कळत नाही. पुस्तकांतही मिळालं नाही. मला फार भीती वाटते, म्हणून गप्प बसलो. तू एकटा ठरवू नकोस. मी येतोय. दोघं मिळून डॉक्टरांसमोर बसू. मी तुला त्यांचं म्हणणं लिहून दाखवीन, तू त्यांना विचार. आणि शेजारची खुर्ची अडवून ठेव.’

“विमानात बसणार तुम्ही?” बायकोनं वाचून विचारलं. “लिफ्टमध्ये देवाचं नाव घेता ते?”

“तू पाकीट चिकटव. नाहीतर मी पुन्हा वाचायला बसेन.”

दुसऱ्या दिवशी टपाल कचेरी उघडायच्या आधीच तो बायकोला घेऊन तिथं जाऊन उभा होता. पेटीच्या फटीत पाकीट अर्धं सरकवून तो थांबला. पत्ता बरोबर आहे ना? पोचेपर्यंत सीझन संपला तर? पोचेपर्यंत दादाच…

“सोडा आता,” मागून बायको म्हणाली.

त्यानं बोटं उघडली. आत काहीतरी हलकंसं पडल्याचा आवाज झाला. मग त्यानं फटीत हात घालून चाचपून पाहिलं, पाकीट कुठं अडकलं तर नाही ना.