सतरा नंबरचा पैलवान

गुपित पोटात ठेवणं हा काही सासूबाईंचा प्रांत नव्हता. अडतीस वर्षं टेलरिंगचं दुकान चालवलेली बाई. माप घेता घेता अर्ध्या बाजाराच्या भानगडी ऐकायच्या आणि काजं करता करता उरलेल्या अर्ध्याला सांगायच्या, हा त्यांचा शिरस्ता. त्याच बाईला आता अडीच महिने तोंड दाबून बसावं लागलं होतं, आणि तेही सख्ख्या जावयासमोर! विचार करा, काय होत असेल बिचारीचं.

झालं होतं असं. सासूबाईंचा उजवा खुबा पार झिजला होता आणि तो बदलायचं ठरलं. जावईबापू त्याच इस्पितळाच्या मागच्या इमारतीत संशोधन करतात. हाडाच्या आतल्या मज्जेत मूळपेशी असतात, मेसेंकायमल स्टेम सेल असं त्यांचं लांबलचक नाव. हाड करायला सांगा, हाड करतील. सांध्यातली मऊ कूर्चा करायला सांगा, कूर्चा करतील. पडेल त्या कामाला तयार. या पेशी प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत वाढवायच्या आणि झिजलेल्या गुडघ्यांना त्यांचा उपयोग होतो का ते तपासायचं, हे जावईबापूंचं काम. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंनी जेवताना सहज विचारलं, "माझं हाड काढणारच आहेत, तर त्यातल्या पेशी देऊ का तुम्हाला थोड्या?"

जावईबापू हसले. वाईट माणूस नाही हो तो, पण हुशार माणसाला कुठे हसू नये ते कळत नाही. "आई, या वयाच्या पेशी कसल्या वाढतायत! साठी उलटली की त्या नुसत्या बसून राहतात. जागा अडवतात."

लेकीने नवऱ्याला टेबलाखालून पाय मारला, पण बाण सुटला होता.

तर ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर एक फॉर्म घेऊन आल्या: काढलेलं हाड संशोधनाला द्याल का? सासूबाईंनी चष्मासुद्धा न लावता सही ठोकली. सिस्टरनी त्यांना एक चिठ्ठी दिली, तिच्यावर सतरा नंबर. "आता नीट ऐका," त्या म्हणाल्या. "तिकडे चोवीस जणांच्या पेशी जातात. बारा तरुण, बारा साठीपुढचे. बाटलीवर फक्त नंबर. कोण कुठला, हे तुमच्या जावयालासुद्धा कळता कामा नये, नाहीतर मोजताना माणसाचा हात आपोआप हवं तिकडे झुकतो. यादी माझ्याकडे पाकिटात बंद आहे. ती उघडायच्या आधी तुम्ही एक शब्द बोललात, तर सतरा नंबर प्रयोगातून बाद. मग तो बाटलीत कितीही नाचो."

"मी? मी कशाला बोलतेय?" सासूबाई म्हणाल्या, आणि सिस्टरनी त्यांच्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

ऑपरेशन छान झालं. सासूबाई लेकीकडे राहायला आल्या, काठी घेऊन चालायला लागल्या, मग काठी विसरायला लागल्या. आणि एका संध्याकाळी जावईबापू घरी आले ते उड्या मारतच.

"सतरा नंबर म्हणजे कमाल आहे! बाकीच्यांना बाटली भरायला आठवडा लागतो, हा चार दिवसांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कोणीतरी विशीतला पैलवान असणार. मी लिहून देतो!"

"द्याच लिहून," सासूबाई म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही. सूप घ्या अजून."

त्या रात्रीपासून घरात पैलवानाचं कौतुक सुरू झालं. पैलवानाने आज हाड केलं, पैलवानाने आज कूर्चा केली. सासूबाई प्रत्येक बातमी मन लावून ऐकायच्या, मधूनच "जेवतो का वेळेवर?" असं विचारायच्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून हसायच्या. लेकीला वाटलं, आईला नवी औषधं लागू पडली नाहीत.

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. दुकानाचा करार तीस तारखेला संपत होता, आणि लेक-जावयाने परस्पर ठरवून टाकलं होतं की तो पुढे चालू ठेवायचा नाही. दुकानमालक म्हणजे दुकानाच्या वरच्या मजल्यावरचे घड्याळजी, त्यांना तसं कळवूनही झालं होतं. "आई, एकाहत्तर वर्षं म्हणजे काय गंमत आहे?" जावईबापू म्हणाले होते. "या वयात शरीर भरून येत नाही पहिल्यासारखं. मी रोज तेच बघतो. आता पुरे."

एरवी दुसरं कोणी असं बोललं असतं तर सासूबाईंनी त्याची बाही उलटी शिवली असती. पण हा माणूस जाणता. तो म्हणतो म्हणजे खरंच असेल, असं कुठेतरी वाटायचं. दुकानाशिवाय सकाळी उठून करायचं काय, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या घाबरल्या होत्या. कोणाला कळू देत नव्हत्या, एवढंच. म्हणून तर तो सतरा नंबर वाढला की त्यांना जीव भांड्यात पडल्यासारखं होई. आपल्यातलं काहीतरी अजून धडधाकट आहे, आणि ते तोच माणूस रोज जेवताना सांगतोय!

आता पेच बघा. पाकीट उघडणार पुढच्या महिन्याच्या चार तारखेला, आणि दुकान जाणार या तीसला. आधी बोलावं, तर दुकान वाचेल पण पैलवान बाद. गप्प बसावं, तर पैलवान राहील आणि दुकान जाईल. सासूबाईंनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी लेक बाहेर गेल्यावर त्यांनी फोन हातात घेतला आणि जुन्या गिऱ्हाइकांची वही उघडली.

"बँकेतल्या बाई? मी बोलतेय. तुमचा तो कोट ढिला होतोय ना? उद्या टाकून जा. हो, किल्ली घड्याळजींकडेच असते. पेपरवाले काका? तुमच्या पँटी आखूड झाल्या असतील. नाही झाल्या? अहो, होतील. आणून टाका."

तीस तारखेला लेक दुकान आवरायला गेली ती दारातच थबकली. टेबलावर गठ्ठे, मशीनवर गठ्ठे, खुर्चीवर तर आख्ख्या बँडपथकाचे अठरा गणवेश.

"आई! हे काय आहे?"

"लोकांचे कपडे."

"पण दुकान आज द्यायचंय!"

"मग काय, लोकांचे कपडे रस्त्यावर फेकू? अडतीस वर्षांत एक रुमाल हरवला नाही माझ्याकडून." सासूबाईंनी चेहरा असा काही केला की घड्याळजींनाच भरून आलं. त्यांनी लगेच पंधरा तारखेपर्यंत मुदत दिली. लेक आईकडे बघत राहिली. आई अत्यंत निरागसपणे दोरा ओवत होती.

चार तारखेला जावईबापू दुपारीच घरी आले. चेहरा पांढराफटक. बूट न काढताच सोफ्यावर बसले.

"पाकीट उघडलं," ते म्हणाले. "सतरा नंबर एकाहत्तर वर्षांची बाई निघाली."

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या.

"शक्यच नाही. कुठेतरी बाटल्यांची अदलाबदल झालीय. सगळा आलेख बिघडतोय एका बाटलीने. मी सांगून आलोय, सतरा नंबर टाकून द्या."

इथवर सासूबाई मजेत होत्या. पण "टाकून द्या" ऐकलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या उठल्या, आपल्या बटव्यातून सिस्टरनी दिलेली चिठ्ठी काढली आणि जावयाच्या मांडीवर आपटली. "टाकून द्या? विशीतला होता तोवर डोक्यावर घेऊन नाचलात, आणि म्हातारी निघाली तर कचऱ्यात? लाज नाही वाटत? करा आत्ताच्या आत्ता फोन!"

जावईबापूंनी चिठ्ठी वाचली. उलटून मागची बाजू वाचली, ती कोरी होती. मग सासूबाईंकडे पाहिलं. लेकीला सगळं उमगलं आणि ती जी हसत सुटली ती थेट जमिनीवर बसली. "जेवतो का वेळेवर!" ती म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली.

जावईबापूंनी फोन केला, बाटली बचावली. पण हार मानेल तो संशोधक कसला! "आई, या चिठ्ठीने एवढंच कळतं की हाड तुमचं होतं. बाटलीत जे वाढतंय ते तुमचंच आहे, हे तपासावं लागेल."

"तपासा ना. मी कुठे पळून चाललेय?"

दुसऱ्या दिवशी सासूबाई प्रयोगशाळेत गेल्या. पेशी सांभाळणाऱ्या लॅबवाल्या बाईंनी त्यांच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. काडीवरच्या पेशींची जनुकीय खूण आणि बाटलीतल्या पेशींची खूण ताडून बघणार होते. मग त्यांनी सासूबाईंना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आत लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी एकमेकींना बिलगून दाटीवाटीने पसरल्या होत्या, एका दिशेने वळलेल्या, टाके घातल्यासारख्या. लॅबवाल्या बाईंनी शेजारची बाटली दाखवली, एकवीस नंबरची. त्यात इकडे एक, तिकडे एक.

"या कोणाच्या?"

"सदुसष्ट वर्षांच्या गृहस्थांच्या."

आपल्या पेशी बघून सासूबाईंना झालेला आनंद एकदम थोडा ओशाळला. "त्यांना सांगू नका हं," त्या हळूच म्हणाल्या.

चार दिवसांनी जावईबापू निकाल घेऊन थेट दुकानातच आले. बँडपथकाचे बारा गणवेश खुंटीला लागले होते, तेराव्यावर मशीन धडधडत होतं.

"जुळल्या," ते म्हणाले. "शंभर टक्के तुमच्याच. प्रयोगावर देखरेख करणाऱ्या समितीला मी तसं कळवलं, सतरा नंबर राहणार. आणि तुमच्यासमोर हसलो होतो, ते चुकलंच माझं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. मशीन थांबलं नाही.

"पण आई, खोटं बोलणार नाही. साठीपुढच्या बारापैकी अकरा जणांच्या पेशी सुस्तच निघाल्या. सरासरी अजून माझ्याच बाजूने आहे. आणि बाटलीत पेशी वाढल्या म्हणजे तुमच्या खुब्याला दुकान झेपेल असंही सिद्ध होत नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत."

आता मशीन थांबलं. सासूबाई उठल्या, काठीबिठी न घेता, आणि गळ्यातली टेप जावयाच्या कमरेभोवती टाकली.

"हे काय करताय?"

"उभे राहा सरळ. पोट आत ओढू नका, मला कळतं. चाळीस. खांदे साडेसतरा, पण उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली. बॅग नेहमी त्याच खांद्याला ना?" त्यांनी मागून खुंटीवरचा एक कोट काढला आणि जावयाच्या अंगावर चढवला. बँडमधल्या ढोलवाल्याचा तो. बाह्या जावयाच्या बोटांच्या खाली लोंबल्या आणि पोटावरचं बटण काही केल्या लागेना. "बँडमध्ये अठरा माणसं. सगळ्यांची सरासरी काढून मी अठरा सारखे कोट शिवले असते, तर एकालाही धड बसले नसते. मी प्रत्येकाला उभं केलं आणि मापं घेतली. तुम्ही अकरा जणांची मापं घेतलीत आणि दुकान बाराव्याचं बंद केलंत. मला एकदा तरी विचारलंत, आई, किती वेळ बसवतं? जिना चढवतो का? दुखतं का?"

जावईबापू ढोलवाल्याच्या कोटात उभे होते, बाह्या लोंबत. मग खुर्चीवरचे गणवेश बाजूला सारून बसले.

"किती वेळ बसवतं?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंना एकदम रडू फुटलं. तीन महिन्यांत हा प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता. "चार तास," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पाचव्या तासाला दुखतं. तेव्हा मी उठून घड्याळजींकडे चहाला जाते. एक मजला. चढताना काही नाही, उतरताना कठडा धरते."

"मग चार तास उघडं ठेवा. पाचव्याला चहा." जावईबापूंनी खिशातून पेन काढलं, सवयीने हे सगळं एका कागदावर टिपून घेतलं. मग वर जिन्याकडे पाहिलं. "घड्याळजींना काय सांगू? नवा करार किती वर्षांचा करायचा?"

"दहा," सासूबाई म्हणाल्या.

जावईबापूंनी मान वर केली. एकाहत्तर आणि दहा, हा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. सासूबाई हातात टेप घेऊन बघत उभ्या राहिल्या, बोलतोय का काही.

"दहा," जावईबापू म्हणाले, आणि ढोलवाल्याचा कोट अंगावर तसाच ठेवून जिना चढायला लागले.