पाहून शिकणारी कावेरी

माझ्या एम.एड.च्या प्रबंधात एक चूक आहे आणि ती कुणाच्याही लक्षात आली नाही. परीक्षकांनी तर त्या पानावर 'उत्तम' असा शेरा मारलाय. चूक एका क्रियापदाची आहे.

मी पुण्याची, औशाला शिक्षिका म्हणून आलेली. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, तरी औशाच्या आमच्या शाळेच्या शिक्क्यावर अजून उस्मानाबादच होतं. दुष्काळ होता. टँकर आला की निम्मा वर्ग घागरी घेऊन पळायचा आणि माझी निरीक्षणं अर्धवट राहायची, म्हणून मी पोरांवर चिडायची. आज मला त्या चिडण्याची लाज वाटते.

विषय होता, मुलांच्या शिकण्याच्या दोन प्रतिमानांची तुलना. पहिल्यात मुलांचे तीन प्रकार होते: पाहून, ऐकून आणि करून शिकणारी. दुसऱ्यात चार: अनुभवात उडी घेणारी, बाजूला राहून निरीक्षण करणारी, नियम शोधणारी, नियम वापरून बघणारी. बेचाळीस मुलांना मी दोन्हींत बसवत होते आणि दोन्हींचं एकमेकांशी काही जमत नव्हतं. एकात 'ऐकून' असलेला गुरुपादप्पा दुसऱ्यात थेट उडी घ्यायचा. मी रडकुंडीला आले होते.

मग कावेरी सापडली. तिसरीतली, माहूरकडची. तिकडं कामं आटली म्हणून तिची आई नागुबाई टोळीबरोबर ऊसतोडीला गेली होती आणि पोरीला औशात मावशीकडं ठेवलं होतं. 'मधी एकदा येऊन जाईन,' एवढं सांगून गेली होती. हे मला हजेरी घेताना कळलं होतं, पण त्यासाठी प्रश्नावलीत रकाना नव्हता.

कावेरी रस्त्याकडच्या पहिल्या खिडकीशी बसायची. मी विचारलं, "धडा चालू असताना तू काय करतेस?"

"बघून राहते, बाई."

"ऐकत नाहीस?"

"ऐकते. पण बघून राहते."

मी आनंदानं खूण केली. पहिल्या प्रतिमानात 'पाहून शिकणारी', दुसऱ्यात 'निरीक्षण करणारी'. दोन्ही प्रतिमानं एकमतानं बोलत होती असं हे एकच मूल. तिच्या मुलखात बघून राहणं म्हणजे वाट बघत राहणं, हे मला कोण सांगणार? आणि मी तरी कुणाला विचारलं?

आता सिद्ध करायचं तर उलटंही करून बघायला हवं. मी तिला आठवडाभर मागच्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून बसवलं. चित्रं नाहीत, फळा नाही, नुसतं ऐकायचं. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "बाई, खिडकीपाशी कवा बसू?" मी म्हटलं, सोमवारी.  ती पाढे चुकायला लागली, डबा तसाच परत न्यायला लागली. मी वहीत लिहिलं, 'दृश्य आधार काढताच प्रगतीत लक्षणीय घट.' किती खूश होते मी.

शुक्रवारी चाचणी चालू असताना खिडकीत एक बाई येऊन उभी राहिली. गज धरून आत डोकावू लागली. मुलांचं लक्ष जाईल म्हणून मी तिला हातानंच 'जा, जा' केलं. ती जराशी घुटमळली, पदर तोंडाशी धरला आणि गेली.

शाळा सुटल्यावर कावेरीची मावशी, पार्वतीबाई, मला फाटकात गाठायला आल्या. त्या रागावल्या नव्हत्या, हेच मला जास्त लागलं.

"नागू येऊन गेली, बाई. टोळी निलंग्याकडं चालली हाय. ट्रकचं चाक बदलुस्तोर पळत आलती. मीच म्हणले, पयल्या खिडकीत बसती, जा. तर म्हणली, पोरगी न्हाई तिथं, एका बाईनं हात केला, शाळंत आली नसंल. घरी बघून गेली, इकडं बघून गेली. तवर ट्रकवाला बोंबलाय लागला."

"आता परत कधी येतील?"

"पट्टा पडल्यावर. कारखान्याचा हंगाम सरला की, उन्हाळ्यात."

मग त्यांनीच मला ते क्रियापद समजावलं, सहज, बोलता बोलता. "माय येईल म्हून लई बघून राहिलं व्हतं लेकरू. रोज."

कावेरी दप्तर छातीशी धरून शेजारी उभी होती. सगळं ऐकत होती. मी खाली बसले आणि म्हटलं, चूक माझी झाली, मी तुझ्या आईला ओळखलं नाही. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं,

"बाई, तुमी बघितली ना तिला? बारीक झाली का माय?"

खिडकीपासून मी चार हातांवर होते. तरी मला त्या बाईचा चेहरा आठवेना.