दादाचं रिसेंटली

आमच्या दादाच्या आयुष्यात जे काही झालं, ते सगळं रिसेंटली झालंय. त्याचं लग्न रिसेंटली, बाबा गेले तेही रिसेंटली, आणि आमच्याकडे तर तो अगदी रिसेंटलीच येऊन गेलाय. त्यानंतर आमच्या शिवणाच्या दुकानावरची पाटी दोनदा रंगवून झाली, पण ते सोडा. साहेब माणूस, त्याचं कॅलेंडरच वेगळं.

आई आणि मी घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करतो, तेच आमचं दुकान. हल्ली आईचे डोळे दगा देतात. सुई ओवायची तरी मला हाक मारते. पण दादा येणार म्हटल्यावर तिने जाहीर केलं, "नातीचा फ्रॉक मीच शिवणार. शेवटचा. मग मशीन तुझं."

फोनवर तिने माप विचारलं. दादा गाडी चालवत होता. आमच्याशी तो कायम गाडी चालवतानाच बोलतो.

"अगं आई, माप काय विचारतेस? रिसेंटलीच तर घेतलंस की!"

फोन ठेवून आईने मला विचारलं, "रिसेंटली म्हणजे नेमकं कधी गं?"

"नुकतंच, हल्लीच. पण तो अर्थ पुस्तकातला. दादाच्या रिसेंटलीत पोर कॉलेजात जाईल. तू वहिनीला विचार."

"गप गं! बाप आहे तो. त्याला नाही कळणार?"

बाप! मी तिची सुई ओवून दिली.

नातीच्या मापाचा कागद भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होता, मागच्या खेपेला कापलेला. त्यावरून आईने पिवळं कापड बेतलं. वाढतं अंग म्हणून शिवणीत आत चार बोटं जादा कापडाची माया सोडली. काजं हाताने केली, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. मी करते म्हटलं तर हातावर चापटी.

रविवारी गाडी दारात थांबली. दादा उतरला, वहिनी उतरली, आणि मागून माझ्या खांद्याला लागणारी एक मुलगी उतरली. आई तिच्या मागेच बघत राहिली. अजून कुणीतरी उतरायचंय असं वाटलं बिचारीला.

फ्रॉक अंगाला लावून बघितला. आईने कात्री घेऊन सगळी माया उसवली, तरी तो कमरेखाली उतरेना.

"आजी, किती छान आहे! मी जपून ठेवीन," पोर म्हणाली. बापापेक्षा शहाणी निघाली.

"मुली काय भराभर वाढतात गं," दादा हसत म्हणाला, "आत्ता रिसेंटली तर..." माझा असा संताप झाला!

आईने गळ्यातली टेप काढून नातीच्या खांद्याला लावली. "सरळ उभी राहा बाळा. दुसरा शिवते. दोन दिवस तर लागतील."

"आई, आम्हाला चहा घेऊन लगेच निघायचंय."

आईने टेप गुंडाळली.

"बरं. मग पुढच्या रिसेंटलीला येशील तेव्हा तुझी बहीण शिवेल. मला तेव्हा दिसायचं नाही," ती म्हणाली, आणि भिंतीला हात लावत चहा ठेवायला आत गेली.