बाबांचं पिवळं कुत्रं

सायकल शिकवणारा माणूस सायकलीमागे धावतो. आमचे बाबा धावू शकत नव्हते, म्हणून ते कॅरिअरवर बसायचे.

त्यांचा डावा पाय लहानपणच्या तापात गेला. गेला म्हणजे जागेवर होता, पण कामाचा नव्हता. बाबा त्याला ‘पाहुणे’ म्हणत. ‘आमचे पाहुणे चाळीस वर्षं मुक्कामाला आहेत, पण काडीची मदत करतील तर शपथ.’ एका बगलेत कुबडी धरून ते सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचे. सकाळी शटरवर तळहात ठेवून, डोळे मिटून देवाला गल्लीतल्या आजारी माणसांची नावं सांगायचे. ही यादी इतकी लांबायची, की पंक्चर घेऊन आलेलं गिऱ्हाईक सायकल ढकलत दुसऱ्या दुकानात निघून जायचं. आई चिडायची. बाबा म्हणायचे, ‘पंक्चर थांबतं, दुखणं थांबत नाही.’

पाच वाजता दुकान बंद झालं की ते शिकवायला निघत. घरोघर जाऊन बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाई, पलीकडच्या वस्तीतून चालत येणाऱ्या मास्तरीणबाई, नवरा गेल्यावर डबे पोचवायला लागलेली शेजारीण, ज्याला गरज असेल त्याला शिकवायचे. ‘देवानं मला एक पाय कमी दिला,’ ते म्हणायचे, ‘म्हणजे तेवढी भरपाई मी दोन-दोन चाकांनी करावी, असा त्याचा हिशेब असणार.’

शिकणारा पुढे सीटवर, बाबा मागे कॅरिअरवर, कुबडी मांडीवर आडवी. एका हातानं सीट धरायची आणि मोठमोठ्यानं प्रार्थना करायची. ‘देवा, बाईंना डावीकडे वळव. देवा, डावीकडे! अहो बाई, देव सांगतोय ना, वळा की डावीकडे!’

गंमत अशी, की ही पद्धत अचूक लागू पडायची. आपण पडू ही भीती सगळ्यांनाच असते, पण मागे एक देवभोळा लंगडा माणूस बसलाय आणि आपण त्याला रस्त्यावर आपटणार, ही भीती त्याच्याहून चौपट. चार दिवसांत माणूस सरळ सायकल हाणायला लागायचा.

यात विघ्न एकच होतं, ते पिवळं कुत्रं.

पाण्याच्या टाकीपाशी वळण होतं. तिथे हे कुत्रं वर्षातून दोन-तीनदा सायकलीच्या आडवं यायचं आणि बाबांना पाडायचं. बाबा कोपर सोलून घरी यायचे, आई जखम धुवायची आणि बाबा संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळ्यात शेवटी म्हणायचे, ‘आणि देवा, त्या पिवळ्या कुत्र्याला सुखात ठेव.’ ही गोष्ट बाहेर फुटली. मास्तरीणबाई तोवर मुख्याध्यापिका झाल्या होत्या. त्यांनी शाळेत आम्हाला क्षमेचा धडा म्हणून ती सांगितली आणि मुली मुसमुसून रडल्या. कुत्रंही दरवर्षी वाढत गेलं. आधी ते मांजराएवढं होतं, मी आठवीत जाईपर्यंत वासराएवढं झालं. नगरपालिकेनं कुत्री पकडणारा माणूस धाडला. तो जाळं घेऊन तीन दिवस टाकीखाली बसला. कुत्रं काही आलं नाही.

मी तेरा वर्षांची असताना बाबांनी मला शिकवायला घेतलं. मी दोन दिवसांत शिकले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात हवा गेली. टाकीच्या कठड्यावर मैत्रिणी बसल्या होत्या. त्यांना दिसावं म्हणून मी वळणावर दोन्ही हात सोडले.

बाबा माझ्याखाली, सायकल माझ्यावर, कुबडी गटारात. लोक धावले. बाबांनी पडल्या पडल्या हात वर करून ओरडा केला, ‘कुत्रं! पिवळं! तिकडे पळालं!’ चार माणसं त्या दिशेनं धावली. मैत्रिणींना कठड्यावरून काय दिसलं असेल ते असो, पण त्यांनीही कुत्रं पाहिल्याचं शपथेवर सांगितलं. बाबा माझ्या कानाशी पुटपुटले, ‘हे तुझ्यामाझ्यात आणि देवात. देवाशी मी बोलून घेतो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या दुसऱ्या बगलेतही कुबडी आली. ती शेवटपर्यंत गेली नाही.

तेव्हापासून मी सायकलला शिवले नाही. ज्या माणसानं अख्ख्या गावाला दोन चाकांवर बसवलं, त्याची मुलगी सगळीकडे पायी. कुणी विचारलं तर म्हणायची, ‘मला चालायला आवडतं.’ छे, अजिबात आवडत नाही. आज मी पंचेचाळीस वर्षांची आहे आणि माझ्या टाचा मला रोज शिव्या देतात.

बाबा गेले, त्याला महिना झाल्यावर शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली. निवृत्त मुख्याध्यापिका अध्यक्ष होत्या. दुकानाच्या भिंतीवर लावायची पाटी रंगवून तयार होती आणि टेबलावर कापडाखाली झाकलेली होती. त्यांनी कापड काढलं आणि मोठ्यानं वाचलं, ‘सेवाव्रती, श्रद्धावान, आयुष्यात एकदाही खोटे न बोललेले.’ टाळ्या झाल्या. ‘आता लेकीनं दोन शब्द बोलावेत.’

मी घरून दोन गोड शब्द पाठ करून आले होते. ते तसेच राहिले. ती पाटी उद्या लागणार आणि मी रोज त्या भिंतीवरून जाणार, टाचा घासत. पहिल्या रांगेत आई बसली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. नवऱ्याची दुसरी कुबडी तिनं बत्तीस वर्षं पुसून ठेवली होती, आणि ती कुणामुळे आली ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं तर ती माझं तोंडही बघणार नाही, अशी माझी खात्री होती.

‘पाटी चूक आहे,’ मी म्हणाले. ‘बाबा खोटं बोलले होते, माझ्यासाठी. त्या दिवशी कुत्रं आलंच नव्हतं. मी हात सोडले. बाबांची दुसरी कुबडी माझ्यामुळे आली.’

आईकडे बघायची माझी हिंमत होईना.

मग मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नर्सबाई उठल्या होत्या. ‘तुझ्या वेळी नव्हतं का ते?’ त्या म्हणाल्या. ‘माझ्याही वेळी नव्हतं गं. मी ब्रेक समजून घंटी वाजवत राहिले, आणि गेलो सरळ टाकीवर. बाकीच्यांच्या वेळी येत असेल, असं वाटलं मला.’

‘म्हणजे?’ डबेवाली शेजारीण जागेवरूनच म्हणाली. ‘मीही तेच समजत होते की!’

दाराजवळ एक म्हातारा उभा राहिला. कुत्री पकडणारा. ‘मी तीन दिवस जाळं घेऊन बसलो,’ तो म्हणाला. ‘रोज हा देवमाणूस मला चहा आणून द्यायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, नुसता काय बसतोस, सायकल शीक. वळणावर माझंच जाळं चाकात गेलं.’ तो डोकं खाजवत राहिला. ‘त्यानं कुत्र्याचं नाव घेतलं. आणि ऑफिसात मीच लिहून दिलं, की कुत्रं अतिशय चपळ आहे, पकडणं शक्य नाही.’

एव्हाना हॉलमध्ये निम्मी माणसं उभी होती. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे अख्खं गाव खवखवत होतं. प्रत्येकाला कानात तेच सांगितलेलं, तुझ्यामाझ्यात आणि देवात. मी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या.

‘बाई, तुम्ही पण?’

‘दोनदा,’ त्या म्हणाल्या.

‘मग पाटीवर एकदाही खोटे न बोललेले?’

‘मला वाटलं, फक्त माझ्यासाठीच बोलले. गणित शिकवलं मी आयुष्यभर. एवढं किरकोळ असलं की शून्य धरलं तर चालतं.’

लोक हसले. मीही हसले असते, पण माझं ओझं तिथेच होतं. पाडलं सगळ्यांनी, पण दुसरी कुबडी माझ्याच पडण्यानंतर आली होती. आई उठली आणि माझ्याकडे आली. मी मान खाली घातली.

‘ती कुबडी तीन वर्षं कपाटामागे होती,’ आई म्हणाली.

‘कुठली?’

‘दुसरी. चांगल्या पायाचा गुडघा कामातून गेला होता त्यांचा. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलेलं, दोन वापरा. पण तोरा केवढा! दोन कुबड्या घेतल्या तर लोक शिकायला यायला लाजतील, म्हणे. मी तीन वर्षं डोकं फोडत होते. तू पाडलंस आणि त्यांना निमित्त मिळालं. कुत्र्यावर ढकललं आणि घेतली मुकाट्यानं.’ तिनं माझी हनुवटी वर केली. ‘अगं शहाणे, तू पडलीस संध्याकाळी. सकाळी उजाडायच्या आत कुबडी कुठल्या दुकानात मिळते?’

बत्तीस वर्षांत हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मला रडू आलं. मी त्यांची मुलगी, त्यांच्याजवळ राहिले, त्यांना रोज चालताना पाहिलं, आणि एकदाही सायकलवर बसून त्यांना खूश केलं नाही. ते एवढंच विचारायचे, ‘टाचा दुखतात का गं?’ आणि मी नाही म्हणायची. मी आईला हे सांगितलं.

‘सगळेच मला पाडतात, हे त्यांनाही तुला सांगता येईना,’ आई म्हणाली. ‘सांगितलं असतं तर कुत्रं मेलं असतं. पुढच्या पोरांना कोण वाचवणार? रोज देवापुढे घोकायचे, कुत्र्याला सुखात ठेव. मला ठाऊक होतं कुठलं कुत्रं ते. त्या कुत्र्याची पहिली शिकार मीच. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात.’

पाटी रंगाऱ्याकडे परत गेली. काय लिहायचं त्यावर अजून भांडण चालू आहे.

सभेनंतर आम्ही दुकानाचं शटर वर केलं. बाबांची शिकवायची सायकल भिंतीला टेकून होती, हवा भरलेली. मी ती रस्त्यावर काढली आणि नुसती धरून उभी राहिले. तेवढ्यात मागून वजन आलं आणि हँडल किंचित उचललं गेलं. वळून पाहिलं तर शहात्तर वर्षांची माझी आई कॅरिअरवर बसली होती, मांडीवर एक कुबडी आडवी.

‘आई, उतर. पाडीन मी तुला.’

‘पाड,’ ती म्हणाली. ‘चल, पाय मार. टाकीपर्यंत.’

‘आणि पडलो तर?’

आईनं सीट घट्ट धरली. ‘पडलो तर काय,’ ती म्हणाली, ‘कुत्रं आहे ना आपलं.’